सोबत आलेल्या बाईचे मृत्युपत्र

सदर व्यक्ती नऊ वर्षांची असताना एका रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून फ्रीजमधला बर्फ लाकडी उलथन्याने खरवडत होतो. "सुरी लावू नका गं, नळी फुटेल," असे तिच्या बाबांनी बाहेरून तीनदा बजावले होते. हात गार पडले म्हणून तिने ते माझ्या मानेला लावले आणि विचारले, "आई, मी त्या मावशीच्या पोटात होते ना, तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिच्याच गावात. चार गल्ल्या सोडून, भाड्याच्या खोलीत."

"काय करत होतीस?"

"वाट बघत होते."

"मग ठीक आहे," असे म्हणून ती पुन्हा बर्फाला लागली.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे वकीलबाईंनी मला सांगितले आहे. तेव्हा आता रीतसर.

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, विधवा, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघ्यांचे सांगवत नाही. परवा डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावून माझी परीक्षा घेतली. मी दोनपर्यंत पोचले, ते सदतिसाशी अडखळले. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. दीर आले होते, पण ते चहा पिऊन आणि खोल्यांची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेले.

"काकू, 'माझी मुलगी' असं कुठेही लिहू नका," वकीलबाई म्हणाल्या. "कागदोपत्री तशी मुलगीच नाही असं कोणी कोर्टात म्हणालं, तर अख्खं मृत्युपत्र लोंबकळत राहील. नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक परिशिष्टात घाला, आणि आत 'सदर व्यक्ती' एवढंच." म्हणून जिला तिचे बाबा ठकी म्हणत आणि माझे दीर पार्सल म्हणतात, ती या कागदात सदर व्यक्ती. सदर व्यक्तीने चौथ्या वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाचा चष्मा उगवावा म्हणून कुंडीत पुरला होता. सदर व्यक्ती आता सव्वीस वर्षांची असून पुलांचे खांब तपासते, आणि जेवताना अजूनही पाय खुर्चीवर घेते.

कलम पहिले. दुकानावरचे तीन खोल्यांचे घर, गच्चीसह, सदर व्यक्तीला. दिरांना नाही. हे दोन शब्द लिहायला मला एवढे पान लागले, कारण त्यामागे एक ओळ आहे आणि ती माझी मीच लिहिलेली आहे.

लग्नाला अठरा वर्षे झाली होती. पाच वेळा आशा लागली, पाचही वेळा गेली. मग एका मासिकात परदेशातल्या दवाखान्याची जाहिरात पाहिली. तिथली समन्वयक सदैव हसतमुख मुलगी होती. तिने गुलाबी फोल्डर पुढे केला, त्यात तीन योजना: साधी, विशेष आणि खात्रीची. "ताई, तुमचा प्रवास आजपासून सुरू!" तपासणीची नळी म्हणजे प्रवास, रद्द झालेली तारीख म्हणजे प्रवास. आमचे विमान चुकले त्या दिवशी मात्र, ज्या दिवशी खरोखरच प्रवास होता, तिने फोन उचलला नाही.

आमचे मूल पोटात वाढवणारी बाई लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. तिला दोन मुलगे होते, पण त्यांची नावे विचारायची नाहीत असा करार होता. भेट आठवड्यातून एकदा, अर्धा तास, दुभाषा समोर बसवून. विषय ठरलेले: हवामान, झोप, भूक. एकदा दुभाषा फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा त्या बाईने माझ्या नाकावरचा चष्मा काढला, झग्याच्या टोकाने लख्ख पुसला आणि परत बसवला. मी, दुसऱ्यांना नजर देणारी, तिच्यासमोर दोन महिने डागाळलेल्या काचांतून बघत बसले होते. आम्ही दोघी इतक्या हसलो की दुभाषा धावत आला. त्याने वहीत लिहिले: हवामान.

मूल झाले. घरी आणायचे तर आपल्या दूतावासाचा कागद हवा. अर्जात रकाना होता: अर्जदार स्त्रीने मूल कोणत्या रुग्णालयात जन्माला घातले? समन्वयक म्हणाली, "रुग्णालयाचं नाव टाका आणि सही करा, ताई. सगळे तेच करतात." पण कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला अकरा वर्षे दोन गोष्टी शिकवल्या होत्या: कागदावर खोटे लिहू नये आणि उत्तर पूर्ण वाक्यात लिहावे. मी सुवाच्य अक्षरात लिहिले, "मी हे मूल जन्माला घातलेले नाही." खाली तारीख घातली. समास सोडला होता.

कारकुनाने कागद वाचला, मग मला वाचले.

"बाई, मग तुम्ही कोण?"

"आई."

"आत्ताच तर नाही म्हणालात."

"ते वेगळं."

"रकाना एकच आहे, बाई."

अकरा आठवडे आम्ही त्या भाड्याच्या खोलीत अडकलो, कोणत्याही देशाच्या नसलेल्या एका मुलीसह. शेवटी कागद मिळाला. यांच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, नावापुढे लिहिले होते 'पालक'. माझ्यापुढे: 'बालकासोबत आलेली बाई'.  विमान ढगांच्या वर गेल्यावर हे म्हणाले, "अगं, एक ओळ."

"खोटी कशी लिहू?"

"खोटी कशाला? रिकामी सोडायची!"

आता सांगते, हे मला सुचलेच नव्हते. आमच्या शाळेत रिकाम्या जागेला शून्य मिळायचे.

पुढे एका वकिलाने सांगितले की रीतसर दत्तक घ्या, सहा महिन्यांत प्रश्न मिटेल. पण त्यासाठी ती दुसऱ्या कोणाची तरी मुलगी आहे असे शपथेवर लिहून द्यावे लागणार होते. "एकदा लिहिलं ते पुरे झालं," असे म्हणून मी उठून आले. तेव्हापासून मी त्या खुर्चीतून उठलेलीच आहे. ताठा माझा, टांगती तलवार तिच्या डोक्यावर. आणि हे गेल्यावर दिरांनी गोड आवाजात विचारले, "वहिनी, तिकडचा तो कागद एकदा बघायला मिळेल का?" मी विचारले कशाला, ते म्हणाले सहज. मी झेरॉक्स काढून दिली. दोन्ही बाजूंची. त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली आहे.

"या कागदाप्रमाणे तुम्हाला कोणी नाही, वहिनी," ते परवा म्हणाले. "तुमच्यामागे घर घरातच राहायला हवं. पार्सलचं काय, ते ज्याने पाठवलं त्याने बघावं."

म्हणून कलम पहिले. कोर्टाने सदर व्यक्तीला माझी कोणीही म्हणावे किंवा काहीही म्हणू नये, घर तिला.

दुकान, काचा घासायचे यंत्र आणि तपासणीच्या भिंगांची पेटी दुकानातल्या कारागिराला. तीस वर्षे त्याने गावाला चष्मे बसवले. स्वतः वापरत नाही आणि रोज त्याच पायरीला ठेचकाळतो. सदर व्यक्तीला दुकान नको आहे, तिने तसे चार वेळा सांगितले आहे, पाचव्यांदा विचारू नये. मात्र पेटी देण्याआधी भिंगांखालचा मखमली कप्पा तिने स्वतः उचलावा. का, ते शेवटच्या कलमात.

बँकेत असेल ते सगळे सदर व्यक्तीला. समन्वयकेचा गुलाबी फोल्डर रद्दीत. दिरांना भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, चौकटीसह. त्यांना लोकांचे कागद वाचायची आवड आहे. शेवटची ओळ वाचता येईपर्यंत त्यांनी समोर उभे राहावे.

आता मखमलीखाली काय आहे ते. हे कलम वकीलबाईंना दाखवलेले नाही.

त्या इस्त्रीवाल्या बाईने पोस्टकार्डे पाठवली होती. दर वाढदिवसाला एक, अशी सहा. पहिले आले तेव्हा सदर व्यक्ती वर्षाची होती आणि तिला उचक्यांचा फार त्रास होता. डॉक्टर झाले, औषधे झाली. मी कार्ड भाषांतर करून आणले. त्यात दोनच वाक्ये होती: "तिला आतसुद्धा उचक्या लागायच्या. मी उजव्या कुशीवर वळले की थांबायच्या." मी सदर व्यक्तीला उजव्या कुशीवर निजवले. उचकी थांबली.

त्या दुपारी मला जेवढा राग आला तेवढा दिरांचा कधी आला नाही. मी कार्ड भिंगांखाली सरकवले. पुढची पाच भाषांतर न करताच सरकवली. उत्तर एकदाच दिले, तेही समन्वयकेच्या छापील कागदावर: बाळ सुखरूप आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. सातव्या वर्षी कार्ड आले नाही आणि मला हायसे वाटले.

सदर व्यक्तीने बाराव्या वर्षी विचारले, "तिने कधी काही लिहिलं का गं?"

मी पूर्ण वाक्यात उत्तर दिले. "नाही, तिने कधीच काही लिहिलं नाही."

दूतावासात जिचा हात एका खोट्या ओळीला धजला नाही, ती हीच बाई. तिच्या सत्यवचनीपणाच्या गोष्टी मी दुकानात गिऱ्हाइकांना फार रंगवून सांगत असे. त्या सगळ्या मी इथे परत घेते.

तेव्हा अखेरच्या सूचना. सहाही पोस्टकार्डे सदर व्यक्तीला. पत्ता तिसऱ्या कार्डावर सगळ्यात नीट आहे. बँकेतल्या रकमेतून आधी जाण्यायेण्याचे तिकीट काढावे, मग बाकीचे. पाच कार्डांचा अर्थ तिने तिथे, दुभाषा सोबत घेऊन, त्या बाईकडूनच समजून घ्यावा. माझे छापील पत्र त्या बाईने अजून ठेवले असेल तर ते परत आणू नये. सदर व्यक्तीला तिथे चार दिवस राहावेसे वाटले, चार वर्षे वाटले, तरी घर इथे आहे. ते भाड्याने द्यावे, विकावे, बंद ठेवावे. सदर व्यक्तीला बांधून ठेवण्यासाठी मी ते दिलेले नाही.

त्या बाईला काय म्हणून हाक मारायची ते सदर व्यक्तीने दारात उभे राहून ठरवावे. मावशी म्हणावे, नावाने बोलवावे. आणि तोंडातून आपोआप आई आले तर येऊ द्यावे. त्या शब्दावर माझा एकटीचा हक्क आहे, हा सव्वीस वर्षे लढवलेला दावा मी या कलमाने राजीखुशीने सोडून देत आहे.

सही: (माझी, चष्मा लावून केलेली)

साक्षीदार १: समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर. मी हे लिहून सही करताना यांनी पाहिले.
साक्षीदार २: शेजारची निवृत्त टायपिस्ट. यांनी शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, त्या दुरुस्त करून तिथे आद्याक्षरे केली आहेत.

स्थळ: दुकानावरचे राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा मार्च