ग्रंथपालबाईंच्या कोपराची तातडीची गरज

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
पदार्थ संशोधन संस्था

विषय : ग्रंथपालबाईंना पुस्तकवसुलीसाठी प्रयोगशाळेत रागावलेल्या अवस्थेत पाठवणेबाबत.
संदर्भ : माझ्याकडील थकीत पुस्तक.

महोदय,

१. वितळलेला पॉलिमर थंड होताना त्यात बुडवलेल्या काचतंतूच्या पृष्ठभागाशी कसा वागतो, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. पॉलिमरचे स्फटिक तंतूवर उगवायला हवेत; वर्षभर ते वाटेल तिथे उगवले. तंतूकडे एकानेही ढुंकून पाहिले नाही.

२. गेल्या सोमवारी ग्रंथपालबाई स्वतः आल्या. "पुस्तक वाचायला दिलंय, दत्तक नाही!" असे म्हणत त्यांनी सूक्ष्मदर्शकामागे ठेवलेले पुस्तक काढायला हात घातला. कोपर तंतूच्या बाहेर राहिलेल्या टोकाला लागला, तंतू किंचित ओढला गेला आणि बघता बघता त्याच्या सर्वांगावर काटा आला! दोन्ही बाजूंना स्फटिकांची दाट रांग! मी बाईंना मिठी मारली. त्या घाबरून पुस्तक न घेताच गेल्या.

३. मार्गदर्शक सर म्हणतात, "एकदा झालं तो योगायोग. किती जोरानं ओढलं, तो आकडा आण." समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, आकडा नसेल तर माझा प्रकल्प बंद होईल. तंतू ओढण्याचे यंत्र मागवले आहे, परंतु खरेदीचा वेग पाहता ते माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभाला येईल.

४. माझ्या कोपराने काहीच उगवले नाही. इलेक्ट्रिशियनच्या कोपराने तंतू तुटला. बाईंना विनंती केली, तेव्हा त्या हसत आल्या; पण "अगं, मुद्दाम मारायचा म्हटलं की हातच आखडतो," म्हणाल्या आणि तंतूला गोंजारून परतल्या. सबब, त्या चिडलेल्या असणे शास्त्रीयदृष्ट्या अनिवार्य आहे.

५. तंतूच्या टोकाला आता बलमापक जोडला आहे. एकच धक्का पुरे. पुढे तोच जोर स्प्रिंगने देता येईल. तरी पुस्तक आजच्या आज वसूल करण्याची कडक नोटीस बाईंना बजावावी. या अर्जाची त्यांना कुणकुणही लागू देऊ नये. पुस्तक मागच्याच जागी, किंचित अधिक आत सरकवून ठेवले आहे.

६. हे पुस्तक आपणच मागितले असल्याचे आत्ताच समजले. क्षमस्व. ते न्यायला कृपया स्वतः येऊ नये. आपल्या कोपराविषयी प्रयोगशाळेकडे कोणतीही माहिती नाही.

आपली नम्र आणि अधीर,
(सही)
संशोधन सहायक, तंतू कक्ष
दिनांक : १२ मार्च

सोबत : तंतूची दोन छायाचित्रे, कोपरापूर्वी व कोपरानंतर.