तिसऱ्यांदा विचारलं

११ नोव्हें., सोम.
दहिसरची केस माझ्या गळ्यात. नदीकडची चाळ. पोर सात वर्षांची, दुसरीत. खरं नाव इथे नको, परी म्हणतो. धाकटा भाऊ दोन वर्षांचा. आई बोरिवलीला एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, सावत्र बाप दुधाच्या टेम्पोवर. परीच्या हातावर भाजल्याचा मोठा डाग, शाळेतल्या बाईंनी तो बघून फोन केला. बालकल्याण समितीने चौकशी आमच्या संस्थेकडे दिली, संस्थेने माझ्याकडे. रिटायर्ड फौजदार म्हणजे कुणाच्याही दारात उभा राहू शकतो, एवढाच माझा उपयोग. असो. शेवटी शेवटी पोलीस ठाण्यात टेबल सांभाळायचो, त्यापेक्षा हे बरं.

मुग्धा (समुपदेशक, माझ्या मुलीच्या वयाची) सोबत येणार होती. तिला आरेतल्या एका केसला जावं लागतंय. म्हणाली, काका, पोरीशी बोलायचं असेल तर मी येईपर्यंत थांबा. नाहीच जमलं तर एकदाच विचारा आणि ऐकून घ्या. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बाई, तू शाळेत होतीस तेव्हा मी खुनाचे आरोपी बोलते करत होतो.

१२ नोव्हें., मंगळ.
गेलो. बाप घरीच होता. तोंडाला वास, डोळे तांबडे, बसा म्हणायची पद्धत नाही. मी खुर्ची स्वतःच ओढली. तो बोलायला लागला की परी भिंतीकडे बघते. हे मी लगेच टिपलं. आई कामावर होती. बापाला बाहेर पाठवलं.

विचारलं, कसं भाजलं? म्हणाली, बाळ भुकेनं रडत होतं, दूध तापवताना भाजलं.

थोडी शाळेची चौकशी केली, मग पुन्हा विचारलं. म्हणाली, माहीत नाही.

बिस्कीट दिलं. तिसऱ्यांदा विचारलं, घाबरू नको, नक्की कसं भाजलं सांग. खूप वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पांनी."

सापडला. नोकरीभर हेच केलं. एकच गोष्ट तीनदा विचारायची, खोटं तिसऱ्या फेरीत गळून पडतं. संध्याकाळी अहवाल लिहून टाकला. मुग्धाला फोन केला नाही.

१४ नोव्हें., गुरु.
समितीने आज दोघा भावंडांना ताब्यात घ्यायला सांगितलं. बालदिन म्हणून समितीच्या ऑफिसात फुगे लावलेले. परी बालगृहात, धाकटा शिशुगृहात, कारण सहाच्या आतल्यांची सोय वेगळी. त्याने तिचा फ्रॉक मुठीत धरला तो सोडेना. शेवटी आयाने एकेक बोट सोडवलं. परी रडली नाही, त्याला म्हणाली, जा, तिकडे खाऊ आहे.

आई जिन्यात बसली होती. माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही.

काम बरोबर झालं तरी जेवण गेलं नाही. हिने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, ॲसिडिटी.

१६ नोव्हें., शनि.
नात आलीय दोन दिवस. ही खोबरं खवत होती आणि तिचे पाढे घेत होती. सात सक? नात म्हणाली, बेचाळीस. हिचं लक्ष खवणीवर, ऐकलंच नाही. म्हणाली, किती गं? नात गडबडली. अठ्ठेचाळीस. मी पेपर खाली ठेवला. म्हटलं, सोने, आधी बरोबर सांगितलेलंस, मग बदललंस का? ती म्हणाली, आजीने परत विचारलं ना, मग चुकलं असणार. शाळेत टीचर असंच करतात.

पेपर उचलला, पण वाचवेना.

हिला सगळं सांगितलं. नाव सोडून. तिने खवणी धुतली, पुसून ठेवली, मग बोलली. "तुमका साधा काय इचारूक येणाच नाय."

१७ नोव्हें., रवि.
दिवसभर डोकं चालू. पहिलं उत्तर खरं धरावं, तर सात वर्षांची पोर एकटी गॅस पेटवते, दोन वर्षांच्याला सांभाळते, हे तरी कुठे बरं? पण ती वेगळी गोष्ट. त्याला पाळणाघर शोधता येतं, आईशी बोलता येतं. त्यासाठी भावंडं तोडायला नकोत.

आणि तिसरं खरं असेल तर? ती भिंतीकडे बघत होती ते? दारू पिणाऱ्या बापासमोर कुठलीही पोर भिंतीकडे बघेल. की नाही बघणार?

१८ नोव्हें., सोम.
मुग्धाला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे विचारलं, अहवालात तीनही उत्तरं लिहिलीत का? नाही. फक्त शेवटचं. वर माझं वाक्य, 'विश्वासात घेतल्यावर मुलीने सत्य सांगितले.'

ती एवढंच म्हणाली, काका, आता तिच्याकडून खरं काढणं मलाही जमेल की नाही, माहीत नाही.

शरम वाटली. या वयात.

२१ नोव्हें., गुरु.
बाप कांदिवलीला संस्थेच्या ऑफिसात आला. शुद्धीत होता. टेम्पोवाल्याने कामावरून काढलाय, चाळीत कुणी बोलत नाही. मला वाटलं पाय धरेल किंवा शिव्या देईल. दोन्ही नाही. म्हणाला, साहेब, मी दारू पितो, बायकोवर एकदा हात पण उचललाय, लिहा ते. पोरीला नाही हात लावला. माणूस खरं बोलतोय की नाही हे चेहऱ्यावरून ओळखतो, अशी माझी ख्याती होती. आज ओळखता आलं नाही. डॉक्टरांचा कागदही दोन्हीकडे बोट दाखवतो, अपघात असू शकतो, नसूही शकतो.

चहा मागवला त्याला. न पिता गेला.

२५ नोव्हें., सोम.
समितीपुढे स्वतःहून उभा राहिलो. तीनही उत्तरं सांगितली, मी कसं विचारलं ते सांगितलं. अध्यक्ष मॅडमनी विचारलं, मग पहिलं खरं मानायचं का? म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला माहीत नाही, तर आम्ही त्या मुलांना कुणाच्या भरवशावर घरी पाठवायचं? बरोबरच आहे. शुक्रवारी पुन्हा सुनावणी. तोवर मुग्धाने पोरीशी बोलायचं, माझ्याशिवाय.

बाहेर आल्यावर आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. धाकटा तिकडे जेवत नाही, दीदी दीदी करतो, असं शिशुगृहवाले सांगतात. मला म्हणाली, "तुम्हीच नेलंत, तुम्हीच आणा."

२८ नोव्हें., गुरु.
बालगृहात गेलो. जायला नको होतं, मुग्धाने फक्त गाडीपर्यंत या म्हटलेलं. तिने तीनदा जाऊन परीसोबत चित्रं काढली, भाजल्याचा विषयच काढला नाही. पोर हसते आता, म्हणाली. उद्या काय सांगणार विचारलं, तर म्हणाली, अजून वेळ मागणार.

तेवढ्यात परी व्हरांड्यात आली. मला ओळखलं. पळाली नाही. उलट येऊन सरळ उभी राहिली, हात बाजूला, वर्गात उभं करतात तशी. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. म्हटलं, "जेवलीस का?"

"हो."

हाताला वरणभाताचा वास होता तिच्या. ओठाला शीत चिकटलेलं. मी आपलं प्रेमानेच म्हटलं, "पोटभर जेवलीस ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "नाही."

मुग्धाने तिला आत नेलं. मी फाटकाबाहेर येऊन उभा राहिलो. उद्या अकराला सुनावणी. आई धाकट्याचा स्वेटर घेऊन येणार आहे.