सपाट काच बरी, असं मीच म्हणाले होते

चि. ढब्बू यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद तुझ्या डोक्यावर कायमचा आहेच, तो काही दर वेळी पाकिटात घालून पाठवावा लागत नाही. (अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ढब्बू म्हणू नये, असं तुझ्या बायकोचं म्हणणं आहे, ते माझ्या कानावर आलंय. तिला सांग, मी तुला पाळण्यात पाहिलंय, तिनं नाही. तेव्हा तर तू आणखी ढब्बू होतास.) गुडघा कसा आहे? खोकला कसा आहे? बरे असतील तर उत्तम. नसतील तर बसून राहिलेल्या माणसाचं असंच होतं, हे मी तीन वर्षं कंठशोष करून सांगते आहे. माझं विचारशील तर दात चार उरलेत आणि त्यातले कोणतेही दोन समोरासमोर नाहीत, बाकी सगळं जागच्या जागी. पत्राला कारण काही नाही. सहज लिहिते आहे.

नात ढोरांची डॉक्टर झाली, हे तुला मास्तरनं कळवलंच असेल. (मास्तर म्हणजे माझा मुलगा, तुझा भाचा. त्याला मी नावानं हाक मारायची सोडली, कारण नाव घेतलं की तो समजावून सांगायला लागतो.) तर तिला वरच्या डोंगरातल्या दवाखान्यात जागा मिळाली आहे. अकरा वाड्या, आणि रस्ते असे की मेंढरंसुद्धा विचार करून पाऊल टाकतात. नोकरीची अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे आणि धड पाहिजे. एक तारखेला सोमवारी तिथला मोठा डॉक्टर स्वतः गाडीभोवती फिरून बघणार. ब्रेक, दिवे, काचा, सगळं शाबूत असेल तर हिनं वाड्यांवर जायचं. नसेल तर हिला खुर्चीत बसवून दाखल्यांवर शिक्के मारायला लावणार आणि वाड्या दुसऱ्याला देणार. पोरगी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायला शिकली ती शिक्के मारायला नव्हे.

म्हणून गाडी बघायला निघालो. जुनीच, पण डोंगर चढणारी. आता गाडी बघताना सगळे कुठं बघतात? पुढं. इंजिन उघडतात, आत डोकं घालतात आणि काही कळत नसलं तरी ‘हं’ म्हणतात. मास्तर तर दोनदा ‘हं’ म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही पुढं बसणारे, तुम्ही पुढचं बघा. मी मागं बसणार, औषधांच्या पेटीशेजारी आणि कुणाच्या तरी आजारी वासराशेजारी. मी मागची काच बघते.

पहिल्या गाडीची मागची काच उतरती होती, मोठ्ठी, घसरगुंडीसारखी. मास्तर खूश. म्हणे वारा कापला जातो, मागचं सगळं दिसतं, काच तापवायच्या तारा आहेत, वायपर आहे. मी म्हटलं, वारा कापला जातो पण माझं डोकं कुठं जातं? वरून काच अशी उतरत आलेली की मागच्या बाकावर मी मान वाकडी करून बसले, आणि मेंढा बसवला असता तर त्याची शिंगं काढून हातात द्यावी लागली असती. शिवाय उतरत्या काचेवर चिखल मुक्कामाला येतो. उभ्या भिंतीवर पाणी तरी कितीसं टिकतं? वायपर होता, पण तो मधोमध अर्धा चंद्र पुसतो, आणि मागून येणारा माणूस नेमका कोपऱ्यातून येतो.

दुसरीची काच बटणावर खाली जायची, पूर्णच्या पूर्ण, दाराच्या पोटात. हे मला पटलं होतं. आजारी जनावराच्या वासाला वाट हवी, असा माझा हिशेब. चालवून बघायला निघालो, मातीच्या रस्त्याला लागलो आणि मी बटण दाबलं. ढब्बू, वास बाहेर जाईल म्हटलं तर सगळा रस्ता आत आला! वर गाडीचा धूर. दोन मैलांत आम्ही तिघं गिरणीतून निघालेल्या माणसांसारखे दिसायला लागलो, आणि मास्तर त्या धुळीतून मला समजावतो आहे की धावत्या गाडीच्या मागं पोकळी तयार होते आणि ती धूळ आत ओढते.

“हे आधी नाही सांगायचं?” मी म्हटलं.

“आई, मी आधीच सांगत होतो. तू बटण दाबत होतीस.”

मग बंद करायला बटण पुन्हा दाबलं तर काच अर्ध्यावर येऊन बसली, ना वर ना खाली, रुसलेल्या जावयासारखी. आणि त्या गाडीत काच पूर्ण उतरल्याशिवाय मागचं दारच उघडत नाही. मागच्या बाकाला दुसरं दार नाही. मी आत, काठी बाहेर. मला पुढच्या सीटवरून ओढून काढलं, त्याचं वर्णन करत नाही. (मास्तरनं करायचा प्रयत्न केला तर विश्वास ठेवू नकोस. मी एकदाच ओरडले.)

तिसरी गाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेलं कपाट. मागचं दार आडवं उघडणारं, त्यावर स्टेपनी टांगलेली, आणि वर छोटी, उभी, सपाट काच. ती तेवढीच वेगळी वर उचलता येते, लोखंडी चौकटीत रबरानं बसवलेली. मास्तरनं नाक मुरडलं. म्हणे स्टेपनीनं अर्धी काच झाकली आहे, रिव्हर्स घेताना आभाळ आणि टायर एवढंच दिसणार. खोटं नव्हतं ते. घरी आणली त्याच दिवशी नातीनं मागं घेताना त्याची सायकल आडवी केली. (तीन दिवस बोलत नव्हता. घरात किती शांतता!) दारही असं की मागं भिंत असली तर उघडत नाही. पण भिंतीला टेकली तरी काच वरून उचला आणि सामान आत घाला. उभी म्हणून चिखल टिकत नाही, उभी म्हणून आत मेंढाही उभा राहतो. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ती सपाट आहे. मी तिथंच, विकणाऱ्यासमोर, छातीठोक सांगितलं, फुगीर काच फुटली तर कंपनीच्या दारात जाऊन बसावं लागतं; सपाट फुटली तर माझा भाऊ कागदावर आकार बघून दुपारी कापून देतो, चाळीस वर्षं काचा कापल्यात त्यानं, त्याच्या कापायच्या हिरकणीचा कर्र आवाज ऐकून मी सांगू शकते की काच कुठं सुटणार. गाडी ठरली ती तुझ्या नावावर, एवढं ध्यानात ठेव.

आठ दिवस सगळं ठीक. फक्त काच वर धरून ठेवणाऱ्या हवेच्या दोन दांड्या म्हाताऱ्या झालेल्या, दोन मिनिटांत मान टाकायच्या. मग आम्ही माझी काठी खाली टेकू म्हणून लावायचो. मागच्या गुरुवारी खालच्या वाटेवरच्या शेळीवालीची शेळी फुगली होती. नातीनं तिच्या पोटातली हवा काढली आणि थोडा वेळ गाडीतच नजरेखाली ठेवली, मला सोबत बसवून. (शेळ्या माझ्याजवळ शांत बसतात. मास्तर म्हणतो, एकमेकींचा स्वभाव कळतो.) नात हात धुवायला गेली, शेळीवाली पाणी आणायला. आणि धाडकन आवाज! सगळे धावत आले तर काच नाही, जमिनीवर मक्याच्या दाण्यांसारखा चुरा, आणि जिथं काच होती तिथून शेळी डोकं बाहेर काढून उभी, तोंडात माझ्या शालीचं टोक. असा गुन्हेगाराचा चेहरा मी माणसातसुद्धा बघितलेला नाही. शेळीवाली बिचारी कपाळाला हात लावून म्हणाली, “आजी, हिच्या शिंगांनी माझं नाक कापलं हो!” मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून ती रोज सकाळी तांब्याभर दूध आणून ठेवते, प्रायश्चित्त म्हणून. नको म्हटलं तर रडते. म्हणून मी पिते.

आता आज मंगळवार. कंपनीनं ही काच बनवणंच बंद केलंय. भंगारवाला म्हणतो, दीड महिना थांबा. चौकातला काचवाला (तोच, तुझ्या हाताखाली दोन वर्षं होता आणि तुला ‘जुन्या पद्धतीचा’ म्हणायचा) म्हणतो, काच कशाला, प्लास्टिकची शीट लावून देतो, कळणारही नाही. कळणार कसं, सहा महिन्यांत ओरखडे पडून पिवळी झाली की पलीकडचं काहीच कळणार नाही. मास्तर म्हणतो, पत्रा ठोकू. नातीनं तात्पुरतं गोणपाट बांधलंय, ते वाऱ्यानं फुगतं आणि लसींच्या पेटीवर पाव इंच माती बसते. पोरगी काल चहा ओतताना कप भरला तरी ओततच राहिली, म्हणून मी समजले.

तुला काही करायला सांगत नाही. तू शपथ घेतली आहेस, ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या कपाटाच्या दाराची काच कापून आणलीस ती बोटभर मोठी निघाली, चौकटीत जाईना. सगळे हसले आणि मी जरा जास्त हसले. (सगळे थांबल्यावर मी थांबले, असं तुझी बायको सांगते. ती मोजत बसली होती वाटतं.) तू म्हणालास, माझा हात गेला, नजर गेली, आणि हिरकणी कापडात गुंडाळून ठेवलीस ती ठेवलीसच. ठीक आहे. माणसाला वाटलं तर बसावं. भिंतीलाही गुडघे नसतात, ती उभीच असते, पण तिचं कौतुक कोण करतं?

बाकी क्षेम. तुझ्या बायकोला नमस्कार सांग, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तुझी,
ताई

ता. क. १ – हिरकणी तेल लावून घे आणि शनिवारच्या आत ये. आधीच्यासारखी भट्टीत भाजलेली काच नको, तिला हिरकणी लावली की सगळीच सांडते, हे तूच शिकवलंस. मध्ये पापुद्रा असलेली जोडकाच हवी. ती मी प्लास्टिकवाल्याकडून आणवून ठेवली आहे. तो म्हणाला, “आता म्हातारबुवांच्यानं होणार का?” मी म्हटलं, तू शनिवारी ये आणि बाजूला उभा राहून बघ. तेव्हा माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

ता. क. २ – हे वाचून पत्र चुलीत घाल. शेळीनं काच फोडलेली नाही. ती शाल खात होती म्हणून मी तिला एक देणार होते, आणि हाताशी काठी एकच होती, काचेखालची. ती ओढली. काच खाली आली ती दाराच्या काठावर ठेवलेल्या माझ्या स्टीलच्या डब्यावर. शेळीनं फक्त डोकं बाहेर काढून बघितलं, काय झालं म्हणून. मी खोटं बोललेले नाही, मला कुणी विचारलंच नाही. पण काल नात शेळीवालीला म्हणाली, “मावशी, सोमवारपासून मी नाहीतरी खुर्चीतच बसणार, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका,” आणि ती बाई दूध ठेवून रडत गेली. ते दूध घशाखाली उतरलं नाही. (निम्मं उतरलं.) काच बसली की मी दोघींना सांगणार आहे. काच बसायच्या आत सांगायची छाती नाही.

ता. क. ३ – आता बसून वाच. कपाटाच्या काचेचं माप मी तुला दिलं होतं, आठवतं? शिवणाच्या डब्यातल्या टेपनं. परवा गाडीची चौकट मोजायला तीच टेप काढली तर बघते, टेप एकपासून सुरू होते. पुढचं टोक उसवलं होतं म्हणून मीच कधीतरी कात्रीनं छाटलं होतं. म्हणजे सगळं बोटभर जास्त भरणार. तुझा हात गेला नव्हता, नजर गेली नव्हती. मी दिलेल्या मापाची काच तू अगदी बरोबर कापली होतीस. गेली होती ती माझी टेप. तीन वर्षं हसले त्यातलं निम्मं परत घेते. (उरलेलं निम्मं तुझ्या चेहऱ्याला हसले होते. तो अजून तसाच असेल.)

ता. क. ४ – टेपचा भरवसा नाही म्हणून वर्तमानपत्र चौकटीत दाबून बसवून काच होती तेवढा आकार कापला आहे, तो सोबत जोडते. डावीकडचा खालचा कोपरा नाही. त्यावर गुडघेदुखीचा उपाय छापला होता, तो मी कापून ठेवला. इथं येशील तेव्हा देईन.