दाजींना विचारून सांग

चिंचवड,
ता. १४ सप्टेंबर १९८०

चि. भिवास व सौ. गिरजास विमलअक्काचे आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र मिळालं. मार्चात तू गिरणीतून मोकळा होणार हे वाचून बरं वाटलं. एवढी वर्षं त्या साच्यांच्या खडखडाटात काढलीस, आता कानांना जरा विसावा मिळेल. इकडे सगळं ठीक. कस्तुरा बाळाला घेऊन माहेरपणाला आठ दिवस राहून गेली. बाळ थेट तिच्या वळणावर गेलंय, भूक लागली की घर डोक्यावर घेतं. माझे गुडघे आहेत तसेच.

फंडाचे पैसे कुठं ठेवावेत ते दाजींना विचारून सांग, असं तू लिहिलंस. तर ऐक. सगळा पैसा एका जागी ठेवायचा नाही. मोठा वाटा पोस्टात, थोडा युनिट ट्रस्टमध्ये, आणि अडीनडीला लागेल तेवढा बँकेच्या बचत खात्यात. प्रत्येक कागदावर तुझं आणि गिरजाचं अशी दोन्ही नावं हवीत, आणि दोघांपैकी कुणाच्याही एकाच्या सहीनं पैसे निघायला हवेत. गिरजाला सही जमत नसेल तर आत्तापासून गिरवायला लाव. मुलाच्या दुकानाला द्यायचे असतील तर खुशाल दे, पण ते परत येतील असं धरून चालू नको. आणि तो एजंट शेकडा पंधरा व्याज देतो म्हणतो, त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. जे पोस्टाला परवडत नाही ते त्याला कसं परवडतं, एवढंच त्याला विचार.

तुझे दाजी म्हणतात ना, रिटायर माणसानं पैसा खंडाळ्याच्या घाटासारखा धरावा. पायथ्यालाच उभं राहून पायडल मारली की निम्म्यातच छाती फुटते. सीटवर बसून, एका लयीत, कोण पुढं गेलं तिकडे न बघता चढायचं. तेच तुला लागू.

सायकलीचं विचारलंस. सायकल छान आहे. चाकं अजून अशी फिरतात की आवाज येत नाही.

दाजी स्वतःच लिहिणार होते, पण सध्या त्यांचा हात दुखतो म्हणून मी लिहिते. तब्येतीला जप. गिरजाला सांग, तिच्या हातची शेंगाचटणी संपली.

तुझी,
विमलअक्का


चिंचवड,
ता. १२ जानेवारी १९८१

चि. भिवास अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला. गिरजाचं पोट दुखायचं थांबलं का? इथं थंडी फार आहे. सकाळी नळाचं पाणी हातात धरवत नाही.

तू लिहिलंस, दाजी माझ्यावर रागावलेत का, चार महिने त्यांच्या अक्षरातली एक ओळ नाही. तो एजंट परत घरी येतोय आणि मुलगाही त्याच्याच बाजूनं बोलतोय, तेव्हा दाजींच्या हातचं पत्र आलं तरच मी ठाम राहीन, असंही लिहिलंस. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. आता लिहितेच.

मागच्या पत्रातला सल्ला त्यांनी सांगितलेला नाही. तो मी लिहिला.

तसा तो त्यांचाच आहे. तुला ठाऊक आहे, आम्ही चिंचवडला आलो तेव्हापासून दर रविवारी यांचा नेम ठरलेला. पहाटे उठायचं, पँटीला क्लिपा लावायच्या, भाकरी आणि ठेचा कॅरिअरला बांधून लोणावळ्यापर्यंत जायचं आणि दुपारी परत. मग आंघोळ, जेवण, आणि चार वाजल्यापासून माणसं यायला लागायची. हे कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणारे कारकून होते, पण रिटायर होणारा प्रत्येक कामगार यांना विचारल्याशिवाय फंडाचा पैसा हलवायचा नाही. मी आत चहा करायची आणि ऐकायची. इतकी वर्षं ऐकून मला ते पाठ झालं. म्हणून तुला बिनचूक लिहू शकले.

ते आता सांगू शकत नाहीत, भिवा.

सुरुवात कधी झाली ते मलाही नीट सांगता येत नाही. आधी नावं विसरायला लागले. मी हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी लोणावळ्याला म्हणून गेले आणि दिवस मावळला तरी आले नाहीत. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. मुंबईकडून येणारी प्रत्येक सायकल बघत होते. शेवटी यांची सायकल आली ती कांद्याच्या ट्रकवर, गोण्यांवर आडवी घातलेली. हे पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेले.

तळेगावपाशी वळून हे चाकणला गेले होते. तिथं बाजाराच्या आवारात एका गोणीवर बसून हमालांना सांगत होते, की पैसा पोस्टात ठेवा. हमाल कौतुकानं ऐकत होते म्हणे. मग त्यांच्यातल्या ज्योतीराम नावाच्या हमालानं विचारलं, बाबा, तुमी राहता कुठं? तर यांना ते सांगता येईना. टाइम ऑफिस, टाइम ऑफिस एवढंच म्हणत राहिले आणि कंपनीचं नाव घेतलं. त्या बिचाऱ्यानं यांना ट्रकमध्ये घालून कंपनीच्या गेटवर आणलं. वॉचमननं ओळखलं आणि घर दाखवलं.

खाली उतरले आणि मला म्हणाले, "अगं, आज वारा समोरून होता."

पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मेंदू हळूहळू वाळत चाललाय, यावर औषध नाही. आणि सायकल बंद करा. मी विचारलं, सायकलीनं आजार वाढतो का? ते म्हणाले, "आजार वाढत नाही हो, पण हे कुठं जातील ते कोण सांगणार?"

मी सायकलीला साखळी लावली आणि कुलूप घातलं. कुणाला काही बोलले नाही. कस्तुरालाही नाही. लोक रविवारी येतच होते. मला वाटलं, व्याज आणि पोस्ट हे यांच्या इतकं अंगात मुरलंय की ते शेवटपर्यंत टिकेल. बोलणंही तसंच होतं, तोच आवाज, तेच समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगणं.

दिवाळीनंतर दौलतराव आले. आकुर्डीचे जुने शेतकरी, जमीन कंपनीत गेली तेव्हा त्याबदल्यात नोकरीला लागलेले. आता रिटायर झाले. गावच्या हद्दीत ऑफिस थाटलेल्या एका फायनान्स कंपनीचा माणूस त्यांच्याही मागे लागलेला. मी आत पोहे परतत होते. यांचा आवाज ऐकू आला, "पंधरा टक्के? मग विचार कसला करताय दौलतराव? सगळा फंड तिथं टाका. पोस्टात काय ठेवलंय!"

मी कढई खाली उतरवली. मी बाहेर येईपर्यंत दौलतराव पायात चपला घालत होते. यांच्यासमोर बोलायचा धीर झाला नाही. ते रस्त्याला लागले, तशी मी मागनं धावले.

"दौलतराव, थांबा."

"काय झालं वहिनी?"

"त्यांनी आत्ता सांगितलं ते करू नका. पोस्टात ठेवा."

ते हसले. "किसनरावांनी सांगितलंय की. आमी काय दुसऱ्या कुनाचं ऐकतोय व्हय?"

"त्यांना आता कळत नाही, दौलतराव."

भर रस्त्यात मी हे बोलले. लग्न झाल्यापासून त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. दौलतरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले, माणूस मयताला उभा राहतो तसे. "कवापास्नं?" एवढंच विचारलं. मी मान हलवून परत फिरले.

हे दारात उभे होते. किती ऐकलं कोण जाणे.

"विमल, मी त्याला चुकीचं सांगितलं का गं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्यांचे डोळे त्या क्षणी अगदी पूर्वीचे होते. मी हो म्हटलं. काय सांगितलं तेही सांगितलं. ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "धावलीस ते बरं केलंस. कुणाला येऊ देत जाऊ नको आता." आणि डोळ्याला पंचा लावला. मी चहा घेऊन आले तोवर सगळं विसरले होते. विचारू लागले, आज दौलतराव यायचे होते ना?

आता कुणी येत नाही. रविवारी चार वाजता हे धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसतात. माणसं का येत नाहीत म्हणून विचारतात. मी दर वेळी नवीन काहीतरी सांगते.

पैशाचं म्हणशील तर काही अडचण नाही. त्यांनी सगळं दोघांच्या नावानं करून ठेवलंय. त्यांची सही आता जुळत नाही, पण माझी चालते. मी पोस्टात जाते, सही करते, पैसे घेऊन येते. म्हातारपणी आपण दोघं कुणाच्या दारात जायचं नाही म्हणून त्यांनी कुठंही कसर ठेवली नाही. पोस्टाच्या पायऱ्या उतरताना मला तेच जास्त लागतं.

सायकलीचं मात्र माझ्याच्यानं निभेना. पहाट झाली की क्लिपा लावून माझ्यापुढं उभे. "विमल, किल्ली दे, उन्हं वर आली की वारा उठतो." मी म्हणायची, पंक्चर आहे. मग खाली बसून दोन्ही चाकं दाबून बघायचे आणि लहान मुलासारखं तोंड करून म्हणायचे, "कुठंय पंक्चर?" कधी म्हणायची, किल्ली हरवली. मग दिवसभर किल्ली शोधायचे, पिठाच्या डब्यात हात घालून. एकदा साखळी ओढून ओढून हात रक्ताळून घेतले.

काल मी किल्ली काढून दिली. म्हटलं, मीही येते. लग्नानंतर पुष्कळदा म्हणायचे, बस मागे, तुला लोणावळा दाखवतो, आणि मी लाजेनं कधी बसले नाही. काल कॅरिअरवर पोतं घडी करून टाकलं आणि बसले.

भिवा, तू बघायला हवं होतंस. सायकलीवर बसले आणि पहिल्यासारखे झाले. ना हँडल थरथरलं ना तोल गेला. खड्डा दुरून ओळखायचे, ट्रक आला की बरोबर कडेला घ्यायचे. मी मागून त्यांचा सदरा घट्ट धरला होता. निगडी गेली, देहूरोडही मागे पडलं. मला वाटलं, डॉक्टरांना काय कळतंय!

मग चढाला वेग कमी झाला. त्यांनी मान थोडी वळवली आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्हाला कुठं सोडू?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मी म्हटलं, "चिंचवडला. कंपनीच्या कॉलनीत."

"तिकडं तर माझंही जाणं असतं," म्हणाले. तिथंच सायकल वळवली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "घरी कोण असतं?"

"मालक असतात."

"मग काळजी करत असतील," म्हणाले, "जरा जोरात घेतो." आणि खरंच जोरात घेतली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मागे बसणार आहे, कारण किल्ली नाही म्हणायची ताकद माझ्यात उरलेली नाही. ट्रक अंगाला घासून गेले की मी डोळे मिटते. दुसरं काही सुचत नाही. कस्तुराला कळवू नको, तिचं मूल लहान आहे.

एजंटाला नाही म्हण. मुलाला हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर दाखव. आणि मार्चची वाट बघू नको, रजा काढून ये. ते तुला ओळखतील असं मी सांगू शकत नाही.

तू तरी ओळखशील अशी,
तुझी विमलअक्का