ह्युबर्टची टीम आणि माझा बांध

६ जुलै १९५८, रविवार

बांध तोडला. कंबर मोडून घातलेला माझा बांध ह्युबर्टच्या गाढवांनी बूट घालून तुडवला. चेंडू शेतात गेला म्हणे. चेंडूला अक्कल नसते, यांना तरी?

आणि आमचा मुलगा ह्युबर्ट, चाळिशीचा घोडा, शिट्टी तोंडात धरून बघत उभा. कॉलेजातल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. त्याला कोच म्हणायचं. पाच वर्षांत हे तिसरं कॉलेज. पहिल्याने काढलं, टीम हरली म्हणून. दुसऱ्याने काढलं, टीम जिंकली पण प्रिन्सिपॉलचा भाचा बाहेर बसवला म्हणून. या तिसऱ्याला मैदानच नाही, म्हणून धिंगाणा आमच्या शेताशेजारच्या पडीक तुकड्यात.

८ जुलै

पोरांना बूट काढायला लावले आणि घातली चिखलात. बांध तोडलात ना, आता लावणी करा. ह्युबर्ट शिट्टी वाजवायला लागला, ती काढून घेतली. रांगा अशा वाकड्या की बगळे हसले असतील. गोलकीपर बाळाचा हात मात्र चालतो. आमच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या काशीरामचा नातू, मूळ मालवणकडचा. म्हणतो, "आजी, ह्या काम आमका येता." मग सगळ्यांनी माझा भात आणि बोंबील फस्त केला. मांजराला काटा उरला नाही.

३ ऑगस्ट

कॉलेजचे रेक्टर फादर घरी आले. चहा होईपर्यंत गोड गोड. मग म्हणाले, "ह्युबर्ट, यंदा कुर्ल्याच्या कॉलेजकडून हरलात तर दुसरीकडे बघा."

ह्युबर्टने तोंड उघडलं. त्याच्या तोंडातून शब्द निघेपर्यंत नाताळ येतो, म्हणून मीच म्हटलं, "फादर, आधी तुमचं मैदान कुठाय ते दाखवा."

फादर उठले. सून व्हायोलेट भांडी आपटत म्हणाली, "आई, एकदा तरी ह्यांना बोलू द्या."

२४ ऑगस्ट

कुर्ल्याशी मॅच चौदा सप्टेंबरला ठेवलेली. म्हणजे वांद्र्याच्या जत्रेचा पहिला रविवार! टीममधली पाच पोरं आपली, ती मेरीमातेला मेणबत्ती लावायला जाणार की चेंडू लाथाडणार? आणि मला डोंगरावर कोण नेणार?

ह्युबर्ट गेला आणि तारीख बदलून आला. सतरा, बुधवार. "झकास ना, आये?" म्हणाला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून बघितलं. मोकळा दिवस.

१२ सप्टेंबर

वाट लागली.

बाळा पिशवी खांद्याला लावून पाया पडायला आला. "सर, मंगळवारी गणपती. आज निघतोय."

"कोण कोण?"

"आम्ही सगळे कोकणातले. सहा."

ह्युबर्ट पांढरा पडला. "आणि मॅच?"

"गौरी गेल्याशिवाय आम्हाला कोण सोडतो, सर? आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

आमचं कॅलेंडर देवळातलं, फादरांनी वाटलेलं. त्यावर यच्चयावत संत आहेत, गणपती नाही.

मी म्हटलं, दम दे, थांबव त्यांना. ह्युबर्ट म्हणाला, "जा रे. माझ्या नावाने एक नारळ ठेव." कुर्लावाल्यांना पुन्हा विचारलं, तर ते हसले.

१४ सप्टेंबर

डोंगरावर मेरीमातेला मेणाचा पाय वाहिला. विकणारी विचारते, गुडघा धरलाय का? म्हटलं, अकरा जणांचे धरलेत.

१७ सप्टेंबर

हरलो. एक गोल.

मीही गेले होते. आपली पाच पोरं आणि बाकावरची सहा. त्यातल्या एकाचा चष्मा दोरीने डोक्याला बांधलेला. वाटलं, दहा-बारा गोल खाऊन येतील. पण ह्युबर्ट ओरडला नाही, शिट्टी नाही, काही नाही. नुसत्या हाताने एकाला इकडे सरक, दुसऱ्याला तिकडे. चूल सारवताना मी गप्प असते, तसा. गोल बसला तो अगदी शेवटी.

परतताना त्याने माझी छत्री धरली.

१९ सप्टेंबर

काढलं. फादर म्हणाले, तारीख तुम्हीच बदललीत. खरंच आहे ते.

२८ सप्टेंबर

कुर्ल्याच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल स्वतः दारात! धोतर सावरत म्हणाले, "सहा माणसं नसताना एकच गोल खाल्लात. असा कोच आम्हाला हवा."

ह्युबर्टने कप खाली ठेवायच्या आत मी हो म्हणून मोकळी. पाहुणे गेल्यावर तो मागच्या दाराने पडीक तुकड्यात गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसला. व्हायोलेट माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

२६ ऑक्टोबर

कापणी. बोलावलं नव्हतं, तरी टीम आली, विळे घेऊन. बांधावरून एकेक जपून चालत. बाळाने गावाहून गुळाचं खाजं आणलं, पहिला तुकडा ह्युबर्टच्या हातावर ठेवला. मग विचारलं, "सर, पुढल्या वर्षी कुर्ल्याकडून आम्हाला हरवायला येणार?"

सगळे विळे थांबले. ह्युबर्टने माझ्याकडे बघितलं. शब्द माझ्या ओठांवर होता, तो खाज्याबरोबर गिळला.

माझ्याकडे बघू नकोस, ह्युबर्ट. व्हायोलेटनेही मध्ये पडायचं नाही. याचं उत्तर तू द्यायचंस.