सातव्या ओळीतली जागा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी १९३३

चि. बसलिंगप्पा यास वीरभद्रप्पाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

पुण्याहून पाठवलेले त्रैमासिक पावले. कुंभारीच्या शिलालेखावरचा तुझा लेख शाळेतल्या इतर मास्तरांना दाखवावा म्हणून मधल्या सुट्टीत काढला आणि आधी आपण पाहावा म्हणून तळटिपा चाळल्या. एकूण तेवीस. त्यांतल्या नऊ ठिकाणी नातेपुत्याचे रा. रा. सिद्धनाथ. त्यांनी घरच्या दप्तराचा रुमाल सोडून जुने कागद दाखवले, त्यांचे आभार. त्यांनी त्या कागदांतली तारीख कळवली, पुन्हा आभार. माझे नाव एकदाही नाही. अंक तसाच पिशवीत घातला, कुणाला दाखवला नाही.

तम्मा, कुंभारीच्या गोठ्यात तो दगड कुणी शोधला? तीन रविवार शेणात गुडघे टेकून, कागद ओला करून, ब्रशाने ठोकत ठसा कुणी घेतला? जुनी कानडी लावून ओळ न् ओळ सुवाच्य उतरून तुला कुणी पाठवली? सिद्धनाथाला कानडीचे एक अक्षर येत नाही. कुणाची म्हैस अन् कुणाला ऊठबैस.

तुझी वहिनी शरणम्मा म्हणते की मास्तर लई जळतायत, आज भाकरी तव्याविना भाजेल. जळतो आहे, खोटे कशाला सांगू. पुण्यात परके तुझ्या जवळचे झाले आणि थोरला भाऊ नकला उतरणारा कारकून झाला. बाकी घरी सर्व क्षेम. शेंगाची चटणी या खेपेस पाठवत नाही, सिद्धनाथाकडून मागवावी.

लोभ आहे, पण सध्या रुसून बसला आहे.

तुझा अण्णा


पुणे, ता. १४ फेब्रुवारी १९३३

तीर्थरूप अण्णांच्या चरणी बालक बसलिंगप्पाचे शरणार्थ. वि. वि.

चटणी बंद झाली यावरून राग केवढा ते कळले. हे तुम्हांला सांगायचे नव्हते, पण आता सांगतो.

दिवाळीत घरी आलो होतो, तेव्हा एक दुपार मी एकटाच कुंभारीला जाऊन आलो. लेख छापण्याआधी मूळ दगड स्वतः पाहायचा, असा आमच्या संपादकांचा दंडक आहे. तुमची नक्कल हाती धरून ताडून पाहिले. सहा ओळी अक्षर न् अक्षर बरोबर. सातव्या ओळीत नंदादीपाला तेल देणाऱ्या बाईचे नाव तुम्ही शांतव्वे लिहिले आहे. दगडावर नुसते 'शां' आहे. पुढे टवका उडालेला आहे.

तुम्ही लबाडी केली नाही, हे मला ठाऊक आहे. बाबा मठातल्या पोथ्या उतरायचे, तेव्हा कसरीने खाल्लेल्या जागी पदरचा शब्द घालायचे, पारायणात खंड पडू नये म्हणून. तुमच्या हाताला तेच वळण. आणि आपल्या आईचे नाव शांतम्मा. तुमची नक्कल वाचताना मलाही तीच आठवली. पण इकडे फुटलेल्या जागी टिंबे द्यायची आणि आपला तर्क असेल तर तो चौकोनी कंसात लिहायचा, असा नियम आहे. तुमच्या नकलेत कंस नाही.

नकलेखाली तुमचे नाव द्यायचे, तर तिच्यात काय चुकले तेही तळटिपेत द्यावे लागले असते. संपादक म्हणाले की, ते एकदा छापले की या माणसाच्या पुढच्या नकलेवर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून मी माझे वाचन छापले आणि तुमचे नाव गाळले. दगड तुम्ही शोधला, एवढे तरी लिहायला हवे होते. तेही लिहिले नाही, कारण नाव आले की लोक तुमची नक्कल मागतील, याला मी भ्यालो. वहिनींस शरणार्थ.

धाकट्यावर माया ठेवावी, चटणी नसली तरी चालेल.

आपला बसलिंग


सोलापूर, ता. २७ फेब्रुवारी १९३३

चि. बसलिंगप्पा यास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. मग रविवारी कुंभारीला गेलो, दगड धुतला आणि सातव्या ओळीवरून बोट फिरवले. 'शां'च्या पुढे काही नाही. मला तिथे आई दिसली होती, दिसले ते लिहिले. मठात त्याला कुणी चूक म्हटले नसते.

आता माझे ऐक. पुढच्या अंकाच्या शुद्धिपत्रात एवढा मजकूर जसाच्या तसा घाल. 'कुंभारीचा शिलालेख प्रथम वीरभद्रप्पा मास्तर, सोलापूर, यांनी शोधून उतरला. सातव्या ओळीतले नाव त्यांनी पदरचे घातले होते. ते दगडावर नाही.' माझ्या नकलांवर विश्वास ठेवायचा की नाही, ते लोक ठरवतील. चूक माझी, तसे ते तीन रविवारही माझेच आहेत. टाइप मात्र सिद्धनाथाच्या नावाहून बारीक नको. तेवढी जळजळ अजून शिल्लक आहे.

सोबत नवा ठसा आणि नवी नक्कल आहे. कोपऱ्यात सही केली आहे. चटणीची पुडी वेगळी बांधली आहे, तिचे तेल कागदाला लागू देऊ नकोस. सातव्या ओळीत 'शां' लिहून पुढे टिंबे दिली आहेत. तेवढी चार टिंबे द्यायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

रुसवा गेला, लोभ होता तेवढाच आहे.

तुझा अण्णा