पाचवं बॉनेट

५ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. भूगोल शिकवण्यात तीस वर्षं गेली, आता स्वतःला शिस्त. गाडी आज तेरा मिनिटांत चालू झाली. काल सतरा. प्रगती आहे.

काल दुपारी कडा गावाहून विजयसिंहरावांचा फोन. आमच्या लेकीचे, सायलीचे, होणारे सासरे. लग्नानंतर नवरा-नवरीला न्यायला आमची नवी पांढरी गाडी आहे म्हणाले. मी नम्रपणे सांगितलं, सायली माझ्या वन एटीन एनईमधूनच सासरी येईल. ती कोणती गाडी, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न सगळेच विचारतात. हीच तिची दुर्मिळता.

सत्तावीस वर्षांपूर्वी सायलीला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून. मागच्या सीटवर, दीपमालाच्या मांडीवर. पाठवणीही याच सीटवरून. ठरलं.

५ नोव्हेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
दीपमालाची अट: आधी धर्मापुरीला जाऊन यायचं. वाटेत गाडी बंद पडली तर कड्याची गाडी. मी लगेच हो म्हणालो. सायली वरण वाढत होती, तिने फक्त माझ्याकडे बघितलं. आत्मविश्वास बघून भारावली असावी.

९ नोव्हेंबर
दस्तगीरचाचांच्या गॅरेजवर गेलो. तिथे दर रविवारी तीन जुन्या गाड्या उभ्या असतात. चाचांची उनो, फळवाल्या जाकीरभाईंची सिएलो, शिरूर कासारच्या आप्पांची मारुती थाउजंड. यांच्याबरोबर कुणी सेल्फी काढत नाही. लग्नात लोक जीप मागतात, या मागत नाहीत. तिघे चहा पितात आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. संघटना अशी नाहीच.

मी ती दिली. ‘अभिजात मोटार मित्रमंडळ, बीड.’ अध्यक्ष कोण, यावर कुणी काही बोललं नाही, म्हणून मी. २३ तारखेला धर्मापुरीची सहल मंजूर. तिथलं केदारेश्वराचं देऊळ मी भूगोलाच्या नव्हे, इतिहासाच्या अंगाने समजावून सांगणार आहे. आप्पा म्हणाले, पोचलो तर ऐकू.

१४ नोव्हेंबर
सुधारणा यादी: १) रोज तासभर गाडीची निगा. २) सर्व्हिस मॅन्युअल पाठ करणे. ३) गोड बंद.

१५ नोव्हेंबर
निगा उद्यापासून. जिनतभाभींनी, म्हणजे जाकीरभाईंच्या मिसेसनी, शिरखुर्मा पाठवला होता. परत पाठवणं बरं दिसत नाही.

२१ नोव्हेंबर
फ्लेक्स आला. पाच फूट बाय दोन फूट. मंडळाचं नाव, त्याखाली माझा फोटो, हात जोडलेला. गाडीच्या तोंडावर, दोन्ही दिव्यांच्या मध्ये, चारही कोपऱ्यांना सुतळीने घट्ट बांधला. फार भारदस्त दिसतो.

चाचा बघून म्हणाले, सर, हे काढा. कारण विचारलं तर गाडीला श्वास लागतो म्हणाले. समजलं. त्यांना वाटत असणार, फोटो चौघांचा हवा होता. माणसाचा स्वभाव. काढला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. परत आल्यावर, संध्याकाळी ७
ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी सातला निघालो. मी पुढे, अध्यक्ष म्हणून; शेजारी सायली. मांजरसुंब्याच्या घाटात तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, वाफ निघाली, म्हणून मी गाडी बाजूला घेतली. मागे वळून बघतो तर तिघांच्याही गाड्या थांबलेल्या आणि तिघांचीही बॉनेटं वर! जाकीरभाई आत डोकं घालून उभे. आप्पा कपड्याने काहीतरी पुसत होते. थोडक्यात, घाट सगळ्यांनाच भारी पडला. नोव्हेंबरात एवढी उष्णता बरी नव्हे. येणारा-जाणारा प्रत्येक जण चौघांकडे बघून सारखाच हसत होता.

चाचांनी माझ्या गाडीत पाणी ओतलं आणि पुन्हा फ्लेक्सचा विषय काढला. मी पुन्हा दुर्लक्ष केलं. सायली गप्पा मारायला जाकीरभाईंच्या गाडीत, जिनतभाभींजवळ जाऊन बसली.

नेकनूरला तसंच. माझी थांबली, तिघांच्या थांबल्या. केजच्या अलीकडे तसंच. अंबाजोगाईत मी थांबलो तेव्हा आप्पांचं बॉनेट माझ्याही आधी वर गेलं होतं. बिचाऱ्यांच्या गाडीची अवस्था वाईट आहे.

देवळात पोचायला दोन वाजले. माझं भाषण भुकेमुळे लहान करावं लागलं. येताना तीनदा. एकूण सात थांबे, प्रत्येक थांब्यावर चारही गाड्या. त्यातल्या त्यात माझी सगळ्यात आधी चालू व्हायची, कारण मी चालू केल्याशिवाय बाकीचे बॉनेट लावतच नसत.

घरी आल्यावर दीपमालाला सांगितलं, आपली गाडी बंद पडली नाही, सगळ्यांबरोबर थांबली. ती ताटं घ्यायला आत गेली. पटलं.

२४ नोव्हेंबर
विचार करतो आहे. लग्नात ही मंडळी गाड्या घेऊन माझ्या मागे येणार. कड्याच्या रस्त्यावर त्या बंद पडल्या तर विजयसिंहरावांसमोर माझी अडचण. मैत्री वेगळी, शिस्त वेगळी. ठराव लिहिला: ‘एका प्रवासात दोनहून अधिक वेळा थांबणारी गाडी मंडळातून कमी करण्यात यावी.’ कठोर आहे. पण नेतृत्व म्हणजे हेच.

३० नोव्हेंबर
ठराव वाचून दाखवला.

जाकीरभाई कपातल्या चहाकडे बघत राहिले. आप्पा उठून बाहेर गेले, आणि मला वाटतं तिथे हसले. मग चाचांनी हात पुसले आणि म्हणाले,
“सर, आमच्या गाड्या बंद पडल्याच न्हाईत.”

मी म्हणालो, सात वेळा बॉनेटं वर होती, मी मोजली आहेत.

तेव्हा त्यांनी सांगितलं. आठ वर्षांपूर्वी शिरूरच्या रस्त्यावर आप्पांची गाडी अडकली होती. टेम्पोतली पोरं शिट्ट्या मारून गेली. आप्पा नव्या जावयाला घेऊन चालले होते, त्यांची मान खाली गेली. चाचा मागेच होते. त्यांनी आपली चांगली चालती गाडी थांबवली आणि बॉनेट उघडून उभे राहिले. तेव्हापासूनची ही रीत आहे. एकाची थांबली की सगळ्यांनी उघडायचं. बघणाऱ्याला कळू न्हाई कुणाची बिघडली ते.

आप्पा दारातून म्हणाले, “आन अध्यक्षसाहेब, तुमची बी बिघडली न्हवती. तुमच्या फोटोनं हवा अडवलीती.”

ठराव मागे घेतला. चहा प्यायलो. बहुतेक दोन कप.

१ डिसेंबर
फ्लेक्स काढला. घडी करून माळ्यावर.

विजयसिंहरावांना फोन करून म्हणालो, तुमची गाडी असू द्या. ते म्हणाले, तसं म्हणालोच होतो. दुपारभर झोप लागली नाही. गाडी पुसली. मागच्या सीटवर हात फिरवला. तिथे एक जुना डाग आहे, सायलीने चौथीत पेरू खाताना पाडलेला. निघत नाही. काढायचाही नाही.

२ डिसेंबर
सायलीला कड्याच्या गाडीचं कळलं. मांजरसुंब्यालाच जिनतभाभींनी तिला सगळं सांगितलं होतं म्हणे. म्हणजे सातही थांब्यांना खरं काय ते तिला माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही फार खूश होता.

मग म्हणाली, “मी आपल्याच गाडीत बसणार, बाबा. सासरी तेवढीच तासभर उशिरा पोचेन.”

अंगणात काम असल्याचं आठवल्यामुळे मी बाहेर गेलो.

दीपमालाने अट मागे घेतली. स्वतःच कड्याला फोन करून कळवलं.

६ डिसेंबर
नवा निश्चय: चाचा जे सांगतील ते ऐकायचं. सगळंच.

१४ डिसेंबर, रविवार. लग्नाची सकाळ
गाडी पहाटे साडेचारला उठून स्वतः सजवली. सजावटवाल्याला कळत नाही. झेंडूच्या अकरा माळा एकीला एक शिवून समोर पूर्ण चादर केली. जाळी कुठून दिसता कामा नये. आता गाडीला गाडी म्हणावी.

चाचा मंडपात माझ्याकडे बघून काहीतरी सांगायला आले होते. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. नंतर ऐकेन.

१४ डिसेंबर, कडा. संध्याकाळी
सायली मागे बसली. त्याच जागेवर. शेजारी जावईबापू. मी चालवत होतो, म्हणून मला रडता येत नव्हतं, हा या गाडीचा आणखी एक फायदा. शेवटच्या गाडीत विजयसिंहराव, नवी पांढरी.

आष्टीच्या अलीकडे काटा लाल रेषेवर गेला. वाफ. झेंडूचा वास.

आरशात बघितलं. उनो, सिएलो, थाउजंड, एकामागोमाग तीन बॉनेटं वर. मी चौथं उघडलं. चाचा येऊन माळा सोडायला लागले.

विजयसिंहराव उतरून विचारत होते, सगळ्याच एकदम कशा बंद पडल्या. तेवढ्यात सायली उतरली. शालू सावरत तडक सासऱ्यांकडे गेली, खाली मान घालून बराच वेळ काही सांगितलं. आयुष्यातलं तिचं त्यांच्याशी हे पहिलंच बोलणं असावं. विजयसिंहरावांनी फेट्याला हात लावला, माझ्याकडे बघितलं, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले. ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले.

आणि तालुक्यात ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे गृहस्थ आपल्या नव्याकोऱ्या गाडीचं बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, भर रस्त्यात उभे राहिले. जाणाऱ्या एसटीने पाचही जणांना सारखाच हॉर्न दिला.

अर्ध्या तासाने गाडी निवली. सायली परत माझ्याच गाडीत बसली. त्या अर्ध्या तासात ती माझ्याजवळ उभी होती, झेंडूच्या पाकळ्या माझ्या सदऱ्यावरून काढत.

नोंद म्हणून लिहितो: त्यांच्या ड्रायव्हरला बॉनेटची कळ सापडायला चार मिनिटं लागली. माझं पहिल्या झटक्यात उघडलं. नव्या गाड्यांत ती मजबुती नाही.